पाण्याला गेलेल्या आया

दिवाळी सरली की सुभद्राबाईंच्या अंगणवाडीत यायला पोरं भीत. दुसरीकडं बाई ओरडते, छडी दाखवते म्हणून पोरं भितात. सुभद्राबाईंनी उभ्या जन्मात कुणाच्या लेकराला टिचकी मारली नव्हती. पोरं त्यांना भीत नव्हतीच, ती त्या खोलीला भीत होती. त्याचं कारण वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण तोंडातून कुणी काढत नव्हतं.

ही वाडी शिरूर कासारपासून आत, सिंदफणेच्या काठाला. नदी आहे म्हणून काठ म्हणायचा, एरवी वाळूच. दिवाळी झाली की अर्धी वाडी ऊस तोडायला निघते. कुणी सांगलीकडच्या सहकारी कारखान्याला, कुणी नगरकडं, कुणी पार कर्नाटकात. म्हातारी माणसं आणि शाळेच्याही वयात न आलेली बरीच लेकरं मागं राहतात. आईबाप जाणार हे ठरलेलं असतं, पण लेकराला ते सांगायचं नाही, ही वाडीची रीत. रडत्या लेकराच्या तोंडावरून जो निघतो त्याच्या पायावर फडात कोयता पडतो, असं जुनी माणसं सांगत आली. म्हणून लेकराचा डोळा चुकवायचा. बैलगाड्यांच्या काळात लेकरू झोपेत असतानाच गाड्या हलायच्या. पुढं ट्रॅक्टर आले आणि झोपेत डोळा चुकवणं अवघड झालं. त्या आवाजानं मढंसुद्धा उठून बसेल. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की आता अंगणवाडी आहे की!

अंगणवाडीची स्वतःची खोली होती. तिचे पत्रे वावटळीत उडाले ते उडालेच. तेव्हा दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांनी सोसायटीची दूध घेण्याची खोली दिली. तेव्हाही सलग दुसरं कोरडं वर्ष होतं. जनावरं छावणीला गेली होती, दूध आटलं होतं, खोली रिकामीच पडली होती. कोपऱ्यात उपडे कॅन होते, भिंतीवर सहकाराची चार सुंदर वाक्यं होती आणि फरशीला नासक्या दुधाचा वास होता. या खोलीचं दार नदीच्या अंगाला आहे आणि रस्ता पाठीला. आत बसलेल्या लेकराला रस्ता दिसत नाही. हे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमानं बरोबर हेरलं. सकाळी आया लेकरांची वेणीफणी करून त्यांना अंगणवाडीत सोडत. पोरं खिचडीला बसली की पाठीमागून ट्रॅक्टर निघून जाई. टेपवरची गाणीसुद्धा गावाबाहेर पडल्यावरच लागत. दुपारी लेकरू घरी जाई, तर चुलीपुढं आजी.

म्हणजे आया नाहीशा होतात ती जागा कोणती, तर अंगणवाडी. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत पाय कोण टाकणार?

सुभद्राबाई मूळच्या चकलांब्याच्या. दहावी पास होऊन या वाडीत सून म्हणून आल्या आणि गावात दहावी झालेली दुसरी बाई नव्हती, म्हणून अंगणवाडीच्या बाई झाल्या. नवरा पंडित सोसायटीत दूध मापायचा, आता छावणीवर चारा वाटत होता. सुभद्राबाईंचा स्वभाव असा, की हातातलं काम मनासारखं झालं नाही तर रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही. आणि हे काम त्यांच्या मनासारखं होत नव्हतं. आपल्या खोलीचा सापळा केलाय आणि खिचडीचं आमिष केलंय, ही गोष्ट त्यांच्या घशात काट्यासारखी अडकली होती.

मागच्या वर्षी म्हाळूचं झालं आणि तो काटा पार खोल गेला.

म्हाळू हा गहिनीनाथ आणि छबूचा पोरगा. तेव्हा तीन वर्षांचा होता, बोलघेवडा. अंगणवाडीत आला की कालपासूनचं सगळं सांगायचा. कोंबडीनं काय केलं, आजी कुणाला काय म्हणाली, सगळं. त्या दिवशी छबूनं त्याला आणून सोडलं, मुठीत शेवेची पुडी दिली आणि म्हणाली, ‘‘बस बाळा. म्या पाणी घिऊन येते.’’

ती गेली ती सांगलीकडं.

दुपारी म्हाळूनं आजीला विचारलं. सारजाबाई हाडानं गरीब, लेकराचं तोंड उतरलेलं तिला बघवेना. ती म्हणाली, ‘‘पाण्यालाच गेली बाबा. पाणी लांब गेलंय ना औंदा. ईल.’’ दुसऱ्या दिवशी विचारलं तर हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. बाकीच्या आज्यांनाही ही थाप सोयीची वाटली. दुष्काळात पाण्याला गेलेलं माणूस उशिरा येतं, हे तीन वर्षांच्या लेकरालाही पटतं. संक्रांतीच्या आत वाडीला टँकर सुरू झाला. टँकरचा हॉर्न वाजला की बाया घागरी घेऊन पळत आणि त्यांच्या मागून म्हाळू पळे. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांची तोंडं एकेक करून खालून बघे. टँकर रिकामा होऊन गेला की तिथल्या चिखलात बसून राही. हळूहळू त्याच्या मागं आणखी दोन-तीन पोरं जायला लागली.

त्याचं बोलणं कमी होत गेलं. अंगणवाडीच्या उंबऱ्याशी आणलं की दाराची चौकट धरून ठेवायचा. आत ओढलं तर चावायचा. एकदा सुभद्राबाईंच्या मनगटाला असा चावला की रक्त निघालं. मदतनीस दगडाबाई म्हणाली, ‘‘बाई, हे वाईट खोडीचं पोरगं हाय. द्या एक ठिवून!’’

‘‘खोडीचं न्हाई, चिडलेलं हाय.’’

‘‘चिडाय काय झालं? खिचडी वेळेवर मिळती.’’

सुभद्राबाईंनी शिरूरच्या बैठकीत हा विषय काढला. वर्षापूर्वी बीडहून आलेल्या एका बाईंनी त्यांना शिकवलं होतं, की लेकराच्या वजनाइतकंच त्याच्या मनाकडंही बघायचं, त्याला राग आला, भीती वाटली, तर त्याला त्याचं नाव द्यायचं, घरच्यांनाही तसं शिकवायचं. ते सगळं त्यांना मनापासून पटलं होतं. शिकवणीनंतर सगळ्यांना एक चित्र दिलं होतं. त्यात बागेत झोका, झोक्यावर मूल आणि मागून झोका देणारी आई. ते चित्र खोलीत लावल्यावर पोरं झोक्याकडं बघतच नसत. आईकडं बोट दाखवत आणि विचारत, ‘‘ही कुनाची माय?’’

बैठकीत पर्यवेक्षिका म्हणाल्या, ‘‘तुमच्या केंद्रात दिवाळीनंतर हजेरी पडते. का?’’

‘‘पोरं भितात मॅडम. आया तिथूनच जातात न सांगता. आयांनी सांगून जावं, यासाठी आपल्याकडून काही...’’

‘‘खाऊ वाटा, येतील. पुढचं केंद्र?’’

परतताना सुभद्राबाई जीपच्या मागं फळीवर बसून आल्या. घरी आल्यावर पंडितला म्हणाल्या, ‘‘खाऊ वाटा म्हनं! त्यो मुकादम बी खाऊच वाटतोय. त्याच्यात अन् माज्यात फरक काय मग?’’

पंडित म्हणाला, ‘‘तू लई डोक्यात घेतीस. पोरं इसरतात.’’

‘‘म्हाळू इसरलाय का?’’

पंडितनं भाकरीचा तुकडा मोडला.

चैतात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि माणसं परत आली. छबू ट्रॅक्टरवरून उडी मारून पळतच घरी गेली. म्हाळू आजीच्या लुगड्यामागं लपला. छबूनं हात पुढं केले तसा तो ओरडायला लागला. दोन दिवस त्यानं तिच्या हातचा घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी छबू अंगणवाडीत आली, दारातच बसली आणि पदर तोंडाला लावला.

‘‘बाई, मव्हं लेकरू मला वळखंना.’’

‘‘वळखतंय. चांगलं वळखतंय. राग हाय त्याला.’’

‘‘एवढ्याशा लेकराला कसला राग?’’

‘‘तू पाणी घिऊन येते म्हणलीस. सगळा हिवाळा ते टँकरमागं पळत होतं. तू खोटं बोललीस याचा राग.’’

छबूनं पदर काढला. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग ती एकदम चिडली, सुभद्राबाईंवरच. ‘‘मग काय करावं म्या? ऊस तोडाय चाललेय म्हणून सांगू? रडून मरंल की!’’

‘‘रडू दे. सांगून गेलीस तर रडंल, पन परत येनार हे बी त्याला कळंल. न सांगता गेलीस तर रोज वाट बघंल अन् रोज फसंल. सांग, कोणतं बरं?’’

छबू उठून गेली. जाताना ते वाक्य घेऊन गेली.

त्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. सुभद्राबाईंनी ठरवलं, की दिवाळीच्या आत घरच्यांना तयार करायचं. त्यांनी अंगणवाडीच्या दारात एक खेळ सुरू केला. लेकराला आणून सोडणाऱ्यानं गुपचूप निघून जायचं नाही. लेकराच्या डोळ्यात बघून म्हणायचं, ‘‘मी जाते, खिचडीच्या टायमाला येते.’’ आणि खिचडीला खरंच यायचं. जाणं आणि येणं यांची लेकराला सवय व्हावी, जाणारं माणूस येतं याचा भरवसा बसावा, एवढंच.

एवढंच, पण तेही होईना. आज्या लेकराला दारात ढकलून मागच्या मागं सटकत. एकीला हाक मारून थांबवलं तर ती म्हणाली, ‘‘सुभद्रे, जन्मभर या घरातून त्या घरात कुनाला इचारलं न्हाई. आता मरताना बी या बारक्याला सांगून जाऊ का?’’

सगळ्या हसल्या. सुभद्राबाईंनाही हसू आलं, आणि हसू आलं याचा राग आला.

पालकांचा मेळावा घेतला, तर मेळाव्याला कोण? दगडाबाई, एक बहिरी म्हातारी आणि वाट चुकून आलेलं कुत्रं. टँकर त्याच वेळी आला होता.

खेळ खरा धरला तो सारजाबाईनं. ती रोज म्हाळूची हनुवटी धरून म्हणायची, ‘‘जाते रं म्हाळ्या, खिचडीला येते,’’ आणि काठी टेकत यायचीच. महिन्याभरानं म्हाळूनं चौकट सोडली. आणखी काही दिवसांनी तो आत येऊन कॅनवर बसायला लागला, आणि एका सकाळी आपणहून म्हणाला, ‘‘बाई, आमच्या कोंबडीनं अंडं फोडलं.’’

त्या दिवशी सुभद्राबाईंना वाटलं, जमतंय. पण दिवाळी तोंडावर होती. म्हाळू चौकट सोडून आत आलाय, आता छबू पुन्हा तशीच गेली तर हा परत कधी आत पाऊलच टाकणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. बाकीचं गाव जाऊ दे, पण हे एक लेकरू यंदा फसता कामा नये.

त्या छबूच्या घरी गेल्या. गहिनीनाथ कोयत्याला मूठ बसवत होता.

‘‘छबू, आतापासून त्याला सांग. आमी ऊस तोडाय जानार, तू आजीपाशी ऱ्हानार, पट्टा पडला की येनार. जाताना तुजं एखादं जुनं लुगडं त्याच्या अंथरुणात ठिव. फोनवर बोल त्याच्याशी. अन् ट्रॅक्टर त्याच्या डोळ्यादेखत हलू दे.’’

छबूनं नवऱ्याकडं बघितलं. गहिनीनाथ म्हणाला, ‘‘आमचं काय न्हाई बाई. पन मुकादम ऐकंल का? त्यो म्हनतो, निघायच्या टायमाला पोरगं गाडीजवळ दिसलं न्हाई पायजे.’’

‘‘लेकरू तुमचं का मुकादमाचं?’’

‘‘लेकरू आमचं. गाडी मुकादमाची,’’ गहिनीनाथ म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती.

मुकादम बिभीषण सोसायटीच्या कट्ट्यावरच सापडला. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला धावायचा, आजारी माणसाला स्वतःच्या मोटारसायकलवर दवाखान्यात न्यायचा. पण टोळी भरून कारखान्यावर पोचवणं हा त्याचा धर्म होता आणि त्यात आडवं येणारं सगळं त्याला अधर्म वाटायचं.

‘‘बाई, आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगं रडलं की बाई उतरती. बाई उतरली की कोयता मोडला. मागं एक उतरली, तिच्यामागं दुसरी उतरली. कारखान्यावर मला काय म्हनतील? बिभीषणराव, माणसं आनलीत का पोरांचा पाळना आनलाय?’’

‘‘कुनी उतरनार न्हाई. नुसतं सांगून जाऊ द्या.’’

‘‘अन् अपशकुन?’’

‘‘मागल्या साली तर कुनीच रडलं न्हाई. तरी तुमच्या टोळीत दोघांचे पाय कापले. त्ये कावून?’’

बिभीषण हसला. ‘‘तुमी पोरं सांबाळा, मी माणसं सांबाळतो. बरं, शुक्रवारी निघनार हाव. बस?’’

सुभद्राबाईंनी मनाशी बेत केला: शुक्रवारी अंगणवाडी उघडायचीच नाही. लेकरं घरी राहतील, मग बघू कसा डोळा चुकवतात ते. छबूला त्यांनी तसं सांगितलं. छबू म्हणाली, ‘‘बेस्तरवारी राती सांगते त्याला. आधी सांगितलं तर म्याच जायची न्हाई.’’

पण बिभीषणानं अशा कितीतरी टोळ्या भरल्या होत्या.

गुरुवारी सकाळी छबू स्वतः म्हाळूला घेऊन आली. आज शेव नव्हती, पण डोक्याला तेल जास्त होतं. सुभद्राबाईंनी विचारलं, ‘‘आज सांगनार ना?’’ छबूनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही. ती म्हाळूच्या डोळ्यात न बघताच वळली. सुभद्राबाईंना ते खटकलं, पण पोरं आत गोंधळ घालत होती.

खिचडी वाढायला घेतली आणि भिंतीपलीकडं ट्रॅक्टरचा आवाज आला. आधी लांब, मग जवळ, मग थांबला. पण इंजिन चालूच. पोरांचे हात ताटलीतच राहिले. त्यांना काय ते कळत नव्हतं, पण आवाजाची भीती अंगातच होती. म्हाळू कॅनवरून उतरला आणि दारापाशी जाऊन त्यानं चौकट दोन्ही हातांनी धरली.

‘‘बाई, तुमी गानं म्हना जोरात,’’ दगडाबाई घाईनं म्हणाली, ‘‘दरसाली म्हनता तसं.’’

दरसाली म्हणत होत्या, हे खरं. पहिल्या वर्षी काही कळलंच नव्हतं. पुढं कळायला लागलं तरी पोरं दचकू नयेत म्हणून सुभद्राबाई मोठ्यानं गाणं म्हणायच्या. त्यांनी हातातला डाव पातेल्यात टाकला.

‘‘सगळ्यांनी हात धरा एकमेकांचा. चला.’’

‘‘कुठं बाई?’’ दगडाबाई दारात आडवी झाली. ‘‘गाव जाळंल आपल्याला!’’

‘‘बाजूला सर.’’

खरकट्या हातांची पोरांची माळ सोसायटीला वळसा घालून रस्त्यावर आली. दोन ट्रॉल्या सामानानं गच्च होत्या. भांडी, बाजरीची पोती, फडावर राहायच्या कोपीचे बांबू, बांधलेल्या शेळ्या, आणि त्या सगळ्यांवर माणसं. ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवलेलं लिंबू अजून फुटायचं होतं. पोरांना बघून वरच्या बायांनी एकदमच डोक्यावरून पदर ओढले. सगळ्या ट्रॉलीवर तोंडच दिसेना कुणाचं. नुसती रंगीत गाठोडी.

आणि पोरांनी ओळखलं. लुगड्यावरून ओळखलं. एकानं टाहो फोडला आणि मग सगळ्यांनीच.

‘‘ए बाई!’’ बिभीषण ट्रॅक्टरवरून ओरडला. ‘‘याड लागलं का तुमाला? न्या ती पोरं! ड्रायव्हर, चल बे, घे पुढं!’’

सुभद्राबाई ट्रॅक्टरच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मारामारीचा त्यांचा स्वभाव नव्हता. ‘‘शुक्रवार म्हनला होता तुमी.’’

‘‘म्हनलो होतो! आता सरा!’’

‘‘सरते. तेवढं सांगू द्या त्यांना.’’ त्या ट्रॉलीकडं वळल्या आणि ओरडल्या, ‘‘कुनी उतरू नका गं! नुसतं तोंड दाखवा. कुठं चालला तेवढं सांगा लेकरांना!’’

एकही पदर हलला नाही. एका म्हाताऱ्यानं पुढं येऊन आपला नातू उचलला आणि सुभद्राबाईंना शिवी घालून पाठीमागं फिरला. म्हाळू रडत नव्हता. तो ट्रॉलीच्या चाकाशी उभा राहून वर एका हिरव्या लुगड्याकडं बघत होता, टँकरपाशी बायांची तोंडं बघायचा तसा.

हिरवं लुगडं हललं. छबूनं पदर मागं टाकला. तिचं तोंड रडून सुजलं होतं. म्हणजे ती आधीपासूनच रडत होती. ती ट्रॉलीच्या फळीवर पालथी पडली आणि खाली वाकली.

‘‘म्हाळ्या. म्या पाण्याला चालले न्हाई. म्या ऊस तोडाय चालले. लांब हाय. लई दिस लागत्याल. पट्टा पडला की येते.’’

म्हाळूनं तिचा खाली आलेला हात धरला आणि कडकडून चावला. छबूनं हात ओढून घेतला नाही. गहिनीनाथनं तिला मागून खांद्याला धरलं होतं, पडू नये म्हणून. तो मात्र दुसरीकडं बघत होता.

‘‘झालं का?’’ बिभीषण म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. मग लगेच चढला. ‘‘घे बे पुढं!’’

लिंबू फुटलं. सुभद्राबाई बाजूला सरल्या. त्या वर्षी टेप गावाबाहेरही लागला नाही.

त्यानंतर गावानं त्यांचं जे करायचं ते केलं. संध्याकाळी चेअरमनसाहेबांचा निरोप आला, की सोसायटीची खोली सहकाराच्या कामासाठी आहे, रस्ते अडवण्यासाठी नाही. दुसरी जागा बघावी. बैठकीच्या मॅडमचा फोन आला, की तक्रार आलीय, लेकरांना रस्त्यावर कुणाला विचारून नेलं? सुभद्राबाई सांगायला गेल्या, तर फोन कट झालेला. पंडित म्हणाला, ‘‘मिळालं का समाधान?’’ आणि सुभद्राबाईंनी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. समाधान कसलं? पदर काढला तो एकीनं. बाकीच्यांच्या लेकरांनी तर या खेपेला आईला पाठ फिरवतानाच बघितलं. हे चांगलं केलं की वाईट, त्यांचं त्यांनाच सांगता येईना, आणि ज्याला विचारावं असं माणूस जवळपास नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी काठीचा आवाज आला. सारजाबाईनं म्हाळूला दारात आणलं, त्याची हनुवटी धरली.

‘‘जाते रं म्हाळ्या. खिचडीला येते.’’

म्हाळू आत आला. त्याच्या काखेत छबूच्या जुन्या लुगड्याची गुंडाळी होती, मळकी, ओली. दगडाबाईनं तोंड वाकडं केलं. सुभद्राबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की ती चुलीकडं गेली. म्हाळू कॅनवर बसला नाही. सरळ सुभद्राबाईंपाशी आला आणि त्यांच्या मांडीवर मुठी मारायला लागला. मारता मारता रडायला लागला. पार आतून, श्वास अडकेपर्यंत. सुभद्राबाईंनी हात धरले नाहीत. ‘‘माय गेली,’’ त्या म्हणत राहिल्या, ‘‘राग आलाय. लई राग आलाय. मार.’’

तो थांबला नव्हता तोच टँकरचा हॉर्न वाजला. खिडकीतून दिसलं, की घरी ठेवलेली पोरं आज्यांचे हात सोडून टँकरकडं पळतायत. म्हणजे घराघरांत तीच थाप पुन्हा सुरू झाली होती! ट्रॅक्टर डोळ्यांनी बघितलेल्या पोरांनाही आज्यांनी पटवलं होतं, की ती दुसऱ्याच बाया होत्या, तुजी माय पाण्याला गेलीय. सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला.

म्हाळूनं नाक पुसलं. तो उठला आणि बाहेर पळाला. याचंही मुसळ केरात, असं म्हणत सुभद्राबाई मागं धावल्या. पण म्हाळू घागरीवाल्या बायांकडं बघतच नव्हता. तो पोरांमध्ये उभा राहिला आणि महिनोन्‌महिने न काढलेल्या मोठ्या आवाजात ओरडला, ‘‘हितं न्हाईत! तुमच्या बी आया उसाला गेल्यात! पट्टा पडला की येत्यात! माज्या मायनं सांगितलंय!’’

पोरं त्याच्याकडं बघत राहिली. मग एकानं भोकाड पसरलं आणि टँकरच्या नळाखाली जी रडारड झाली, ती वरच्या आळीपर्यंत ऐकू गेली.

खिचडी शिजायच्या आत सगळ्या आज्या सोसायटीच्या दारात. कुणाच्या हातात रिकामी घागर, कुणाच्या काखेत रडणारं लेकरू. ‘‘ह्ये शिकवतीस का गं पोरांना?’’ ‘‘आता हे गप कसं करू म्या? तू करनार का?’’ ‘‘काल कसंबसं इसरलं होतं!’’ मेळाव्याला हाका मारमारून न आलेल्या झाडून सगळ्या आल्या होत्या, बहिरीसुद्धा, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या.

सुभद्राबाई दमल्या होत्या. भांडायचं त्राण नव्हतं. खोली किती दिवस आपली आहे, तेही ठाऊक नव्हतं. त्यांनी दगडाबाईला सतरंजी अंथरायला सांगितली.

‘‘गप कसं करायचं त्येच सांगते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसा.’’

‘‘आमी बसाय आलो न्हाईत!’’

‘‘मग हुभं राहून ऐका. आधी लेकराला मांडीवर घ्या. अन् त्याला गप बस म्हनू नका.’’

कुणी ऐकलं, कुणी नाही. दोघी तणतणत निघून गेल्या. एक म्हातारी उंबऱ्यावर टेकली, कारण लेकरू उचलून तिची कंबर गेली होती. तिच्या शेजारी सारजाबाई काठी आडवी ठेवून बसली आणि म्हणाली, ‘‘आगं, रडू दी त्याला. माजं बी परवापासून रडायलंय. पन टँकरला माय हुडकाय जाईना आता.’’